तिसरे मापन

मल्लिनाथ, तिसरे मापन रविवारी घ्यायचे ठरले होते. तू शुक्रवारी गेलास.

पहिली दोन मापने मी घेतली होती. दोहोंत आठ दिवसांचे अंतर, वेळ सकाळी सातची, जागा तीच: स्वयंपाकघराच्या दाराजवळची सपाट शहाबादी फरशी. एका मापनावर विसंबू नये. दोन सारखी आली तरी तो योगायोग असू शकतो. तीन घ्यावीत आणि मग बोलावे, असे मी तुम्हा मुलांना नोकरीभर सांगत आले. तिसरे झाले की तुझ्या ओपीडीत यायचे, रांगेत बसायचे, नंबर लागला की आत येऊन सांगायचे की माझ्या पायाच्या लांबीबद्दल तू बरोबर होतास आणि मी चूक होते, असे मी ठरवले होते. ते वाक्य तयार होते. दोन वर्षे जे बोलले नाही ते आणखी एक रविवार थांबेल, हे मी गृहीत धरले. गृहीत धरलेले आणि सिद्ध झालेले यांत गल्लत करू नका, हेही मीच शिकवीत असे.

तू किती जणांना चालते केलेस, कोठे शिकलास, कोणी तुझा सत्कार केला, हे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते लिहीत आहेत. मी तुझी दहावीची भूमितीची बाई, आणि पुढे तुझी रुग्ण. एवढ्या दोनच नात्यांनी तुझ्याशी बोलते आहे.

कुंभारीहून येणारी एस.टी. दहा मिनिटे उशिरा पोचत असे, म्हणून पहिल्या तासाला तू दाराशी उभा राहून माझे वाक्य संपण्याची वाट पाहायचास. वाक्य संपल्याशिवाय मी कोणाला आत घेत नसे. घरी तुमच्याकडे कानडी, शाळेत मराठी. त्यामुळे सिद्धता तू मराठीत लिहायचास, पण मोजायचास मात्र कानडीत. कंपास उघडून मोजपट्टीवर अंतर घेताना तुझे ओठ हलत असत: ओंदू, एरडू, मूरू. शेजारची मुले हसत. तुला ते ऐकूच येत नसे.

सहामाही परीक्षेत त्रिकोणाचे परिवर्तुळ काढायला दिले होते. तुझी आकृती इतकी स्वच्छ होती की छापलेली वाटावी. चारांपैकी तीन गुण मिळाल्यावर तू पेपर घेऊन टेबलापाशी आलास.

"बाई, वर्तुळ तिन्ही बिंदूंतून जातंय की. बघा."

"जाते आहे."

"मग एक मार्क कुटं गेला?"

"कंस कुठे गेले?"

"पुसले. घाण दिसत हुतं."

"कंपासने ओढलेले कंस नसतील, तर तू केंद्र शोधून काढलेस की अंदाजाने टोचून पाहिलेस, हे मला कसे कळावे?"

"अंदाजानं एवढं बरोबर येतंय व्हय, बाई?"

वर्ग हसला. हसू मलाही आले होते, ते मी फळ्याकडे वळून घालवले. मग तुला म्हणाले, "उत्तर तुझे असते, मल्लिनाथ. रचना दुसऱ्यासाठी असते. उद्या कोणाला तुझे काम तपासावे लागले, पुढे न्यावे लागले, तर तू कुठून कसा गेलास हे त्याला दिसले पाहिजे." तू पेपर उचललास आणि जागेवर जाता जाता पुटपुटलास, "पोचल्यालं माणूस दिसंना, चपलाचं ठसं मोजत्यात!" तुला वाटले मला ऐकू आले नाही.

त्यानंतर कित्येक वर्षांनी मी तुझ्यासमोर बसले होते ती उजव्या खुब्याचा झिजलेला सांधा घेऊन. बसताना, उठताना, जिना चढताना दुखे, आणि शेवटी नुसते पडूनही. त्या दिवशी तुझ्या ओपीडीत माझ्याआधी सांगोल्याकडचे एक मेंढपाळ आजोबा होते. त्यांना तू सांधा कसा बसवतात ते समजावत होतास. मांडीच्या हाडाची वरची खराब गोटी काढायची, हाडाच्या पोकळीत धातूचा एक निमुळता दांडा ठोकायचा, त्याला तुम्ही लोक स्टेम म्हणता, आणि त्याच्या मानेवर नवा चेंडू बसवायचा.

"सुटणार न्हाय नव्हं?" आजोबांनी विचारले.

"आजोबा, कुऱ्हाडीला दांडा कसा बसवता?"

"ठोकून."

"बारीक बसला तर?"

"फिरतोय."

"जाड बसला तर?"

"कुऱ्हाडीचं भोक फाटतंय. ते सोडा. मेंढरामागं हिंडता यील का त्येवडं सांगा."

"यील. पण मेंढरू उचलून खांद्यावर घ्यायचं न्हाय."

"मग काय मेंढरानं मला घ्यायचं व्हय?"

तू खदखदून हसलास. मग माझ्याकडे वळलास, आणि कुऱ्हाड बाजूला ठेवून ट्रेसिंग पेपर काढलास.

मला त्याचे आश्चर्य वाटले. मागच्या भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर कॉम्प्युटरने माझ्या खुब्यात वेगवेगळ्या मापांचे स्टेम बसवून दाखवले होते. तरी तू एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावलास, वर कागद ठेवलास आणि पेन्सिलीला टोक केलेस. म्हणालास, "कॉम्प्युटर उत्तर देतोय, बाई. कंस दाखवत न्हाय."

आधी बैठकीच्या दोन्ही हाडांची खालची टोके जोडणारी आडवी रेषा. मग मांडीच्या हाडाच्या पोकळीचे दोन ठिकाणी मध्यबिंदू घेऊन त्यांतून जाणारी रेषा, म्हणजे हाडाचा अक्ष. मग गोटीच्या कडेवरचे तीन बिंदू, दोन जीवा, त्यांचे लंबदुभाजक, आणि जिथे ते छेदतात तिथे केंद्र. तू काढत होतास ते परिवर्तुळच होते. तू मान वर केली नाहीस, पण मी ते ओळखावे म्हणून हात मुद्दाम सावकाश चालवीत होतास. शेवटी केंद्रापासून अक्षावर लंब टाकलास.

"ह्या लंबाला आम्ही ऑफसेट म्हणतो. हा कमी पडला तर खुब्याचे स्नायू सैल पडतात. माणूस डुलत चालतो, कधी सांधाच निखळतो. वाढला तर मांडीच्या बाहेरून दुखत राहतं. स्टेम अक्षावर सरळ बसला पाहिजे. आत कलला की सगळा भार एका कडेवर. अन् मान पुढं किती वळलीय ते ह्या कागदावर दिसतच न्हाय. ते टेबलावर, पाय हातात घेऊन बघायचं."

"म्हणजे कागद तीन गोष्टी सांगतो आणि चौथी सांगत नाही."

"चौथी तुमचा पाय सांगतोय, बाई."

त्या वाक्यावर मी तुझ्या स्वाधीन झाले. तुझ्या मोठमोठ्या पदव्या मी वाचल्या नव्हत्या. आपल्या कागदाला काय कळत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती पाय द्यायला हरकत नाही, एवढाच माझा निकष होता.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर केले होते. मी जागी होते. डाव्या कुशीवर, तोंडापुढे हिरवा पडदा. झोपेचे औषध देऊ का, असे भूलतज्ज्ञ दोनदा विचारून गेले. मी म्हणाले, माझ्यावर चाललेला तास मी चुकवणार नाही. पडद्याआडून तुझा हातोडा ऐकू येत होता. कानशीसारखे दाते असलेला साचा हाडाच्या पोकळीत ठोकत ठोकत उतरवायचा आणि एक एक माप वाढवीत जायचे, हे तू आधी सांगितले होतेस. आणि मल्लिनाथ, तू मोजत होतास. ओंदू, एरडू, मूरू. दहावी ब, खिडकीकडची रांग, तिसरा बाक. मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले, आणि भूलतज्ज्ञांना वाटले की मी घाबरले.

ठोक्यांचा आवाज आधी बद्द होता. मग एकदम वर चढला, भरलेल्या हंड्यावर मारावे आणि मग रिकाम्यावर मारावे इतका फरक. मला राहवले नाही.

"आवाज बदलला," मी पडद्याआडून म्हणाले.

हातोडा थांबला. मग तुझा आवाज आला, "बाई, वर्गात बोलायचं न्हाय."

सगळे थिएटर हसले. हाड आणि धातू एकमेकांना घट्ट भिडले की आवाज असा चढतो, आणि तिथे थांबायचे असते. ते न कळून आणखी ठोकले तर हाडाला चीर जाते, हे तू मला दुसऱ्या दिवशी सांगितलेस. "तुम्ही बरोबर वेळेला सांगितलंत," असेही म्हणालास. त्याच दिवशी मला उभे केलेस. वॉकर माझ्या हातात, आणि तू समोर उलटा चालत.

"उजव्यावर भार द्या, बाई."

"किती?"

"द्यावा वाटेल तेवढा."

"हे प्रमाण नव्हे."

"चला तर खरं. प्रमाण मागनं काढू."

अकरा पावले चालले. न दुखता. याबद्दल मी तुला त्या दिवशी काही म्हणाले नाही, कारण पाऊल टाकताच उजवा पाय लांब वाटला होता, आणि माझे सगळे लक्ष तिकडे गेले होते. अकरा पावले मला दिलीस, आणि मी फरक मोजत बसले. आज ती अकरा पावले आठवतात.

तीन महिन्यांनी मी वही घेऊन तुझ्याकडे आले. पाच वेळा मोजून सरासरी काढली होती: उजवा पाय एकोणीस मिलिमीटरने लांब. तुझ्यासमोर दोन रुग्ण बसले होते, आणि बाजूला तुझी नवी सहकारी डॉ. श्रावणी, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरची, विद्यार्थिनीसारखी ताठ उभी.

तू वही नीट पाहिलीस. "कशावरनं मोजलंत, बाई?"

"टेपने. शालूने दुसरे टोक धरले." शालू माझी धाकटी बहीण, तुला ठाऊक आहेच, आम्ही दोघी एकत्र राहतो.

"टेप न्हाय. आरंभबिंदू."

"बेंबी."

श्रावणीने फाइलमध्ये डोके घातले. तू आवाज खाली आणलास, पण खोली लहान होती. "बेंबी हाडाला धरून नसते, बाई. कंबर कलली की बेंबीपासनं घोट्यापर्यंतचं अंतर बदलतं, पाय न बदलता. कमरेच्या पुढं हाताला लागतं ना हाडाचं टोक, तिथनं मोजायचं. ते हलत न्हाय."

मोजण्याआधी स्थिर बिंदू ठरवा. हे वाक्य मी किती वर्गांच्या फळ्यावर लिहिले असेल! ज्याला मी ते शिकवले तो ते मला, दोन अनोळखी माणसांसमोर, अतिशय सौम्यपणे सांगत होता. तू रागावला असतास तर बरे झाले असते.

"खरा फरक सहा मिलिमीटर हाय," तू पुढे म्हणालास. "तो मी दिलाय. जाणूनबुजून. वरचं जे वाटतंय ते कंबर कलल्यामुळं, स्नायू आखडल्यात. सहा महिन्यांत सुटतील. तवर बुटात काही घालू नका."

"मी जागी होते. मला विचारता आले असते."

"विचारलं असतं तर तुम्ही सिद्धता मागितली असती, अन् मांडी उघडी हुती, बाई."

त्या दोन रुग्णांपैकी एक हसला. मी हसले नाही. तू कागद पुढे ओढून सांगू लागलास. ठरलेल्या मापाचा स्टेम माझ्या हाडात अडीच मिलिमीटर वरच अडकला होता. मधल्या लांबीच्या मानेचा चेंडू लावून पाहिला तर सांधा सैल लागला. म्हणून पाच मिलिमीटर जास्त लांब मान घेतली. मान अक्षाशी पंचेचाळीस अंशांत असते, म्हणून त्या पाचांतले साडेतीन लांबीत गेले आणि साडेतीन ऑफसेटमध्ये. अडीच आणि साडेतीन, सहा. "सहानं लांब पाय चालतोय, बाई. निखळल्याला चालत न्हाय. अन् गणित अर्धंच झालंय. डावा खुबापण झिजत चाललाय. त्याच्यात सहा दिलं की दोन्ही सारखे."

मी उठले. तू फाइल माझ्याकडे सरकवलीस. आतला ट्रेसिंग पेपर अर्धा बाहेर आला होता.

"उत्तर सहानं चुकलंय, कबूल. पण रचना बघा की, बाई."

"चुकलेल्या उत्तराची रचना मी तपासत नाही," मी म्हणाले.

हे खोटे होते. आयुष्यभर मी तेच केले होते. उत्तर चुकलेले पेपर मी रात्र रात्र उलगडून पाहिले, कुठवर बरोबर आहे ते शोधले, आणि तिथवरचे गुण दिले. तुझ्या शाळेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचार. तेवढा एक कागद मी पाहिला नाही.

परतताना थेट चांभाराकडे गेले. त्याने डावी चप्पल हातात घेतली. "किती वाढवू?"

"एकोणीस मिलिमीटर."

"म्हंजे बोटभर का?"

"बोट हे माप नव्हे."

"बाई, माझं गिऱ्हाईक बोटानंच सांगतंय, अन् चप्पल बसतीय की त्येंना!"

मी पट्टी धरून त्याच्याकडून अचूक एकोणीस करून घेतले. चुकीच्या आकड्याचा इतका अचूक तळ सोलापुरात दुसरा नसेल. ती चप्पल मी दोन वर्षे घातली. कंबर सरळ होऊ पाहत होती, आणि मी तिला रोज तितकीच वाकडी धरून ठेवीत होते. पाठ दुखू लागली. त्याचा दोषही तुझ्या सहा मिलिमीटरना दिला.

तू एकदा घरी आलास. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. तुझ्या आईने, अव्वांनी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली होती. जाताना दारात वाकून तू ती वाढवलेली चप्पल उचललीस, उलटी केलीस, तळावरून अंगठा फिरवलास. मी वाट पाहत होते की आता बोलशील. "शिवण चांगली हाय," म्हणालास आणि ठेवून दिलीस. मग विचारलेस, "डावा दुखतोय?"

"नाही," मी म्हणाले. खुर्चीतून उठताना मी दोन्ही हातांचा जोर लावला होता आणि तू ते पाहिले होतेस. तरी तू मान हलवलीस, जणू उत्तर मान्य आहे. त्या दिवशी दारात उभे राहून आपण दोघांनी एकमेकांची चूक पाहिली, माझी खोटे बोलण्याची, तुझी ते चालवून घेण्याची, आणि दोघांनीही तांबडी पेन्सिल खिशातच ठेवली.

या वर्षी चपलेचा तळ सुटला. चांभार मुलीच्या लग्नासाठी जेऊरकडे गावी गेलेला; तीन आठवडे दुकान बंद. दुसऱ्या कोणाला ते माप समजावण्याचा कंटाळा आला, म्हणून साध्या सपाट चपला घातल्या. पहिला आठवडा बोटीत चालल्यासारखा गेला. तिसऱ्या आठवड्यात शालू मागून म्हणाली, "ताई, अगं, तू सरळ चालतीयेस!"

मग मी नीट मोजले. तू सांगितलेल्या टोकांवरून. शेजारच्या गवंड्याची पाणसळ आणली, शालूने ती कमरेच्या दोन्ही टोकांवर आडवी धरली, आणि डाव्या पायाखाली मी दोन-दोन मिलिमीटरचे पुठ्ठे सरकवीत गेले. तिसऱ्या पुठ्ठ्याला बुडबुडा मधोमध आला. सहा. आठ दिवसांनी पुन्हा तसेच. सहा. शालू म्हणाली, "आता तरी फोन कर त्याला." मी म्हणाले, तिसरे होऊ दे.

शुक्रवारी श्रावणीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हते, ती नुसती "बाई, सर..." म्हणत होती.

रविवारी सात वाजता मी फरशीवर उभी राहिले नाही. तुझ्या घरी आले. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतले, माझा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "तुमी त्येला एक मार्क कमी दिल्ता."

मी विचारले, "रडला होता का तो?"

"न्हाय ओ. हसत आलता. म्हणला, अव्वा, बाई लई कडक हाय. अन् खोडरबर धाकट्याला दिऊन टाकला बगा. परत कंदी घेतला न्हाय."

त्या हसल्या, आणि मग हसता हसता त्यांचे तोंड वेडेवाकडे झाले. मी त्यांचा हात सोडला नाही.

डावा खुबा आता थांबू देत नाही. पुण्याहून भाचा रोज फोन करतो: "मावशी, इकडे ये, इकडे रोबोट असतो." मलाही तेच बरे वाटले होते, तू नसताना तुझ्या इस्पितळाच्या जिन्यावरून वर जायचे कसे? एक्स-रे घेऊन जावेत म्हणून मागच्या आठवड्यात श्रावणीकडे गेले. तिने तू ठेवलेली माझी फाइल काढली आणि टेबलावर दोन कागद पसरले.

पहिला उजव्या पायाचा. पेन्सिलीने तू ठरवलेले, आणि त्यावर तांबड्याने प्रत्यक्ष झाले ते. अडीच मिलिमीटर वर राहिलेला स्टेम. शेजारी आणखी एक, लहान मापाचा, तुटक रेषेने काढलेला, त्याखाली तुझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात, "उतरतो, पण फिरतो." मधल्या मानेचा चेंडू, त्यावर फुली, खाली "ओढल्यावर सुटतो." लांब मान. बसतो. जिथे जिथे वाट बंद झाली ती प्रत्येक वाट तू तशीच ठेवली होतीस. एकही कंस पुसलेला नव्हता. हाच कागद तू माझ्याकडे सरकवला होतास.

दुसरा डाव्या पायाचा. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात काढलेला, असे श्रावणी म्हणाली. मी "दुखत नाही" म्हणाले होते त्यानंतर, जुन्याच एक्स-रेवरून. अक्ष, केंद्र, लंब, स्टेमचे माप, चेंडूची मान, आणि कडेला: उजव्याशी जुळवून अधिक सहा.

मी बराच वेळ चूक शोधत होते. सवय आहे. एक सापडली. डाव्या कागदावर लंबाच्या पायाशी काटकोनाची खूण करायला तू विसरला होतास. हे तू शाळेतही विसरायचास.

श्रावणी म्हणाली, "बाई, पुण्याला गेलात तर मला वाईट वाटणार नाही. सरांबरोबर मी अशी पुष्कळ ऑपरेशनं केली आहेत. सरांशिवाय हे पहिलंच असेल. खोटं कशाला बोलू?"

"हा कागद तुला पूर्ण कळतो?"

"एकेक रेघ."

"आणि जे कागदावर दिसत नाही?"

"ते टेबलावर, पाय हातात घेऊन."

मी एक्स-रे पाकिटात घालायचे थांबवले. तिने विचारले, "हे कंस आणि खुणा फार झाल्यात. फाइलसाठी स्वच्छ कागदावर उतरवून घेऊ का?"

"नको. हाच असू दे. फक्त मला पेन्सिल दे."

लंबाच्या पायाशी मी छोटा चौकोन काढला. गुण दिले नाहीत, मल्लिनाथ. तुझ्या आकृतीत एक खूण घातली, एवढेच.

येत्या बुधवारी ऑपरेशन आहे. तिसरे मापन त्यानंतर, कंबर आणि स्नायू निवल्यावर, त्याच फरशीवर, त्याच पाणसळीने घेईन. पुठ्ठा एकही लागू नये, असे तुझा कागद म्हणतो. बुधवारी मी पुन्हा जागी असेन. श्रावणीला तसे सांगून ठेवले आहे. हातोडा सुरू झाला की मनात कानडीत मोजीन, जेवढे तुझ्याकडून ऐकून आले आहे तेवढे. मग आवाज चढेल. तो मला तिच्याआधी कळेल, आणि शब्द जिभेच्या टोकापर्यंत येईल. पण मला गप्प करणारा तिथे कोणी नसेल. म्हणून मी गप्प राहीन. तिचे तिला ऐकू येऊ दे.